कोल्हापुरातून समुद्रावर पाळत

खासदारांच्या संपर्क कार्यालयात चार वर्षं काढली की माणसाकडं दोन गोष्टी साठतात. एक लग्नपत्रिका आणि दुसरे किस्से. लग्नपत्रिका दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालता येतात. किस्से कुठलाही रद्दीवाला घेत नाही! ते कुणाला तरी सांगूनच रिकामे करावे लागतात, म्हणून तुम्हाला बसवून घेतलंय.

मी हायस्कूलात इंग्रजी शिकवून रिटायर झालो. आमच्या साहेबांना, म्हणजे खासदारांना, संसदेत विचारायचे प्रश्न नीट इंग्रजीत लिहून देणारा माणूस पाहिजे होता. त्यांनी मला बोलावलं. एकेकाळी याच साहेबांना मी नववीत बाकावर उभं केलं होतं. त्यामुळं मला नेमण्यात त्यांचा नेमका हेतू काय, याचा संशय मला अजून आहे.

*

निवडून आल्यावर साहेबांनी संसदेच्या समित्यांपैकी शेतीची समिती मागितली. जिल्हा उसाचा, दुसरं काय मागणार? यादी लागली तेव्हा साहेबांचं नाव परदेश धोरण आणि सागरी सुरक्षा बघणाऱ्या समितीत!

"साखर मागितली आन् समुद्र दिला! ह्यात कुणाचा तरी हात हाय," साहेब म्हणाले.

आठवडाभर ऑफिसात तोच विषय. विरोधकांवर संशय घेऊन झाला. आपल्याच पक्षातल्या लोकांवर तर जरा जास्तच घेऊन झाला. शेवटी साहेबांनी दिल्लीत चौकशी केली, तर कळलं की फॉर्मवर पसंतीचा रकाना कोराच गेला होता.

फॉर्म मी भरला होता. मी लगेच सगळ्यांसाठी चहा सांगितला.

मग पत्रकार परिषद झाली. एका पत्रकारानं विचारलं, "साहेब, कोल्हापूरला समुद्र कुठाय? रंकाळ्यात पाणबुडी सोडणार काय?"

साहेब तापले. "समुद्र न्हाय, पर समुद्रावर आमची पोरं हायत की! कोडोलीची हायत, शिरोळची हायत. उसाला पाणी पाजून कटाळली आन् बोटीवर गेली. त्यांचं कोण बघायचं? तुम्ही बघतासा?"

पत्रकारानं वहीत भराभर काहीतरी लिहून घेतलं. साहेब खूश. दुसऱ्या दिवशी बातमीचा मथळा होता, 'रंकाळ्यात पाणबुडी? खासदार संतापले!' त्यानंतर महिनाभर लोक रंकाळ्यावर फिरायला आले की पाण्याकडं जरा निरखून बघायचे.

*

संसदेतले प्रश्न दोन जातीचे असतात. तारांकित प्रश्नाला मंत्री उभा राहून तोंडानं उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो. अतारांकित प्रश्नाचं उत्तर नुसतं कागदावर येतं. पंधरा दिवस आधी नोटीस द्यायची, मग सोडत निघते. नशिबात असेल ते पदरात पडतं.

आमचा पहिला प्रश्न समुद्री चाच्यांवर होता आणि तो अतारांकित निघाला. मी जीव ओतून चार भाग पाडले होते. भारतीय खलाशांवर हल्ले होतात हे सरकारला माहीत आहे काय? असल्यास कुठं झाले? किती जण अडकले? सरकारनं काय केलं?

उत्तर आलं, 'पहिल्या भागाचं उत्तर: होय. उरलेल्या तीन भागांबाबत: प्रश्न उद्भवत नाही.'

मी कागद उलटून मागं काही आहे का तेही बघितलं.

आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या सुलभाताईंनी तो दोनदा वाचला. म्हणाल्या, "सर, आमच्या ह्यांना गॅस बंद केला का विचारलं की ते पण असंच 'होय' म्हणतात. पुढचं विचारायचं नाही. मग मी स्वतः उठून स्वयंपाकघरात जाऊन बघते."

"आणि?"

"चालूच असतो!"

*

समितीच्या बैठकीतला हा किस्सा खुद्द साहेबांनी सांगितलेला. एका बड्या अधिकाऱ्यानं पडद्यावर समुद्राचा भला मोठा नकाशा लावला. त्यावर लाल ठिपके, हिरवे ठिपके आणि बाण.

साहेबांनी विचारलं, "हे लाल ठिपके कशाचे?"

"सर, ते गोपनीय आहे."

"बरं, हिरवे?"

"तेही गोपनीय आहे, सर."

"मग नकाशा लावला कशाला?"

"सर, समितीला विश्वासात घ्यायला."

साहेब कोल्हापूरला परत आले ते ओठ शिवूनच. आम्ही खोदून खोदून विचारलं तरी एक नाही की दोन नाही. "देशाची बाब हाय," एवढंच. पुढच्या रविवारी सुलभाताईंनी पेपरची पुरवणी टेबलावर ठेवली. तोच नकाशा, तेच बाण, आणि खाली लाल ठिपके कशाचे, हिरवे कशाचे, सगळं छापलेलं. साहेबांनी ते पान फाडून घेतलं आणि पुढच्या बैठकीला जाताना खिशात घालून नेलं. बैठकीत ते बाहेर काढलं की नाही, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. ती म्हणे देशाची बाब होती.

*

आता हिंदुरावआबांबद्दल सांगतो. राहणार मुरगूड. गावच्या दूध संस्थेत फॅट काढायचं, म्हणजे आलेलं दूध तपासायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. समोर आलेल्या प्रत्येक कॅनमध्ये पाणी घातलंय असं धरूनच चालायचं, हा त्यांचा धर्म. स्वतःच्या सख्ख्या भावाचं दूध त्यांनी दोनदा परत पाठवलं होतं.

त्यांचा मुलगा रणजित एका मालवाहू बोटीवर होता. ती बोट एका देशाच्या तटरक्षकांनी आपल्या हद्दीत घुसली म्हणून अडकवून ठेवली. देशाचं नाव मी घेत नाही. नाव घेतलं की तो देश आपला जुना मित्र निघतो, असा आमचा अनुभव आहे. दोन महिने पोराचा फोन नव्हता. आबांची बायको जेवण सोडून बसलेली.

आबा आले ते पिशवी छातीशी धरून. मी म्हटलं, "आबा, कागद ठेवून जा, मी झेरॉक्स काढतो."

"मी हितंच थांबतो. मशीनीत एक कागद जातोय आन् दुसराच भायेर येतोय, असं बघितलंय मी."

मी म्हटलं, "मंत्र्यांना साहेबांनी फोन केलाय. पोरगं सुखरूप आहे म्हणालेत."

"तोंडी नको. लेखी आना. फॅट लावल्याबिगर दूध घ्याचं न्हाय आन् लेखी आल्याबिगर बोलणं घ्याचं न्हाय!"

मला राग आला. पण घरी जाताना वाटलं, आपलं पोरगं असतं तर आपण तरी काय वेगळं केलं असतं? दुसऱ्या दिवशी मी प्रश्न लिहायला घेतला. सोडतीत नशीब उघडलं आणि चक्क तारांकित निघाला.

*

उत्तराचा छापील कागद सभागृह भरायच्या आधी हातात येतो. दिल्लीहून तो मोबाईलवर आला. 'जहाजावरील सर्व सोळा भारतीय कर्मचारी सुखरूप आहेत.' मी तो आबांना मोठ्यानं वाचून दाखवला. मला वाटलं, म्हातारा आता रडणार.

आबा म्हणाले, "सतरा हायत."

"आबा, सोळा लिहिलंय."

"उत्तरात पाणी हाय! सतरा हायत."

त्यांच्याकडं एक फोटो होता. रणजितनं अडकायच्या आधी बोटीवरून पाठवलेला, डेकवर सगळे ओळीनं उभे. मी चष्मा लावून मोजले. सोळा भरले! सुलभाताईंनी मोजले, सोळाच. मी जरा समजुतीच्या सुरात म्हटलं, "बघा आबा, मंत्र्यांचं खातं पण सोळाच म्हणतंय, फोटो पण सोळाच म्हणतोय."

आबांनी माझ्याकडं असं बघितलं, की नववीच्या वर्गात मी सुद्धा कुणाकडं तसं बघितलं नसेल.

"आन् फोटो काढला कुनी? बोटीनं?"

मी परत फोटो बघितला. रणजित त्यात नव्हताच. फोटो काढणारा रणजित होता.

मग आबांकडून एकेक गोष्ट बाहेर आली. बाकीचे सोळा एका मान्यताप्राप्त एजंटमार्फत गेलेले, त्यांची नोंद होती. रणजितला दुसऱ्याच एका एजंटनं मधल्या बंदरात चढवलेलं. तो एजंट आता फोन उचलत नव्हता. सरकारच्या कुठल्याच यादीत रणजित नव्हता. म्हणजे उद्या सोळा सुटून आले, तर हिशेब बरोबर जुळणार होता आणि सतराव्याला विचारणारं कुणी उरणार नव्हतं. हे कळल्यावर मी लगेच दिल्लीला साहेबांना फोन लावला.

*

सभागृहाचं कामकाज आम्ही ऑफिसच्या टीव्हीवर बघितलं. आबा टीव्हीच्या इतके जवळ बसले, की आम्हाला निम्मंच सभागृह दिसत होतं.

साहेबांनी उपप्रश्न विचारला. "जहाजावर सतरावा भारतीय आहे. मुरगूडचा रणजित. तो सरकारच्या यादीत का नाही?"

मंत्री उठले. "माननीय सदस्यांनी दिलेलं नाव तपासून सभागृहाला कळवण्यात येईल."

सुलभाताईंनी टाळ्या वाजवल्या. साहेबांचा आवाज इतका खणखणीत मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मलाही अभिमान वाटला, विद्यार्थी माझा होता.

आबा मात्र हलले नाहीत. "बघितलंसा का? मागनं एक चिठ्ठी आली मंत्र्याच्या हातात."

"येते हो. अधिकारी देतात. रीतच आहे ती."

"व्हय, पर साहेब 'सतरावा' म्हणायच्या आदी आली! म्हंजे ह्यांस्नी ठावं हाय."

आम्ही ते रेकॉर्डिंग नंतर चार वेळा बघितलं. चिठ्ठी खरोखरच आधी आलेली होती. त्यात काय होतं, देवाला ठाऊक. कदाचित जेवण तयार आहे एवढंच असेल. पण त्या दिवसापासून संसदेचं कामकाज लागलं, की मी बोलणाऱ्याकडं बघायचं सोडून मागच्या माणसाच्या हाताकडं बघतो.

*

पंधरा दिवसांनी तिकडच्या आपल्या दूतावासातून आबांना फोन आला. आबा तेव्हा आमच्याच ऑफिसात होते, त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडचा माणूस मराठी निघाला. म्हणाला, "काका, काळजी करू नका. मी स्वतः रणजितला भेटून आलो."

मी मनात म्हटलं, सुटलो. आबांनी डोळे बारीक केले.

"भेटलासा? मग सांगा, त्याच्या हनुवटीवर काय हाय?"

आम्ही सगळे फोनवर वाकलो. रणजितच्या हनुवटीवर लहानपणी कुऱ्हाडीचा दांडा लागून झालेली मोठी खूण होती.

"दाढी आहे, काका."

आबांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "दाढी आता सगळ्यांस्नीच आली असंल की ओ." आणि त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली. त्या दिवशी सुलभाताईंनी आणि मी एकमेकांकडं बघायचं टाळलं.

*

बोट सुटली कशी, याचा किस्सा माझ्याकडं नाही. साहेब म्हणतात आपल्या प्रश्नामुळं सुटली, खातं म्हणतं आपल्या धोरणामुळं, आणि बोटीच्या मालकाचं म्हणणं कुणी विचारलंच नाही. एका दुपारी आबा ऑफिसच्या दारात उभे राहिले आणि त्यांच्या मागं एक वाळलेला, काळवंडलेला, दाढी केलेला पोरगा. रणजित!

मला भरून आलं. पाच महिने ज्याचं नाव मी इंग्रजीत टाईप करत होतो, तो समोर उभा राहून माझ्या पाया पडत होता. आबांनी पेढे आणले होते. सुलभाताईंनी देवासमोर ठेवून सगळ्यांना वाटले. आबा इतके खुललेले, की आल्या आल्या त्यांनी पहिल्यांदाच कुणावर संशय घेतला नाही.

तेवढ्यात टपाल आलं. सुलभाताईंनी पाकीट फोडलं आणि कागद माझ्यापुढं धरला. मंत्र्यांनी सभागृहात जे 'तपासून कळवू' म्हटलं होतं, त्याचं उत्तर होतं. सभागृहात दिलेला असा शब्द ठरलेल्या मुदतीत पुरा करावा लागतो. खात्यानं तो अगदी वेळेत पुरा केला होता.

"लेखी आलं न्हवं? वाचा की," आबा म्हणाले.

मी वाचलं. "सखोल तपासाअंती असे आढळून आले आहे की, रणजित हिंदुराव या नावाची कोणतीही व्यक्ती सदर जहाजावर कधीही नव्हती."

सुलभाताईंना हसू आवरेना. रणजित तर पेढा हातात धरून हसत सुटला. मी पण हसलो.

आबा हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला. उजेडासमोर धरला, उलटा केला, सुलटा केला.

"सही खरी हाय?"

"खरी आहे, आबा."

"आन् शिक्का?"

"शिक्काही खरा."

आबांनी कागदाची नीट घडी घालून ती बंडीच्या खिशात ठेवली. खुर्ची फिरवली आणि पोराच्या तोंडाकडं टक लावून बघितलं.

"रणजित, आता खरं सांग. हुतास कुठं?"

रणजितचं हसू थांबलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. आणि खोटं कशाला सांगू, मी सुद्धा माझी खुर्ची जरा पुढं ओढली.