नऊ वेढ्यांची गाठ

आमच्या नानांचं जगात कुणाशीच पटत नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की मुलगी असून बापाबद्दल असं कसं बोलते. दूधवाल्याशी भांडण, डॉक्टरशी भांडण, रेडिओवर बातम्या देणाऱ्या बाईशी तर रोज सकाळी भांडण, आणि ती बिचारी उत्तरही देऊ शकत नाही. वय चौऱ्याहत्तर. धंदा गाड्यांच्या वायरिंगचा. रस्त्याच्या कडेला एका शटरची जागा, आत एक टेबल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली वायरची भेंडोळी आणि दाराशी एक लोखंडी स्टूल. त्या स्टुलावर बसून नाना गेली बावन्न वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याची अक्कल काढतायत.

एक मात्र कबूल करायला हवं. नानांनी केलेलं काम परत येत नाही. "बावन्न वर्षांत एक गाडी परत आलेली नाही," हे वाक्य मी माझ्या नावाच्या आधी ऐकलं असेन. त्यांच्या मते सगळी करामत गाठीत आहे. बाकीचे लोक दोन वायरी पिळतात, वर चिकटपट्टी गुंडाळतात, की झालं काम. नाना वायरी पिळल्यावर त्यांवर मेण लावलेला दोरा गुंडाळतात, मोजून नऊ वेढे. मग गाठ. तिचं एक टोक बोटांत आणि दुसरं दातांत धरून करकचून ओढायचं, आणि मगच वरून पट्टी. इंजिनच्या धगीनं पट्टीचा चिकटा सुटतो, दोरा सुटत नाही. "पक्कडीनं ओढायचं ना मग," मी लहानपणी एकदा म्हटलं होतं. "पक्कड दोरा तोडते. दाताला कळतं कुठं थांबायचं," नाना म्हणाले, आणि वर 'मध्ये बोलू नकोस' हेही म्हणाले.

आता माझी गाडी. मी नर्स आहे, घरोघरी जाऊन पेशंटच्या जखमांची ड्रेसिंग बदलते. आठ महिन्यांपूर्वी एक जुनी गाडी घेतली. नाना आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, 'डबडं' म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी न विचारता तिला चोरीचा अलार्म बसवून गेले. मला नको होता. "तुला काय नको ते तुला कुठं कळतं?" नाना म्हणाले. त्यांची भेट देण्याची पद्धत ही अशी आहे.

तीन आठवड्यांपूर्वी तो अलार्म बोंबलायला लागला. कारण काहीच नाही. कुणी हात लावलेला नाही, कुत्रं नाही, मांजर नाही. भर दुपारी, ऊन चढलं की सुरू. मी धावत खाली जायचं, बटण दाबायचं, वर यायचं, ताटावर बसायचं, की पुन्हा सुरू. मी कामावर असले तर गाडी माझ्याबरोबर, तिथं पेशंटच्या दारात तमाशा. एका आजीबाईंच्या पायाची पट्टी अर्धी सोडून मी तीनदा खाली पळाले, तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, तू आधी तुझी गाडी बरी कर, मग मला कर."

आणि आमची इमारत! आमच्या इमारतीतल्या लोकांना भांडायला विषय हवाच होता, तो मी आयता आणून दिला. जिन्यात कुणी भेटलं की तोंड फिरवायचं. एकानं गाडीच्या काचेवर साबणानं 'गप्प बस' लिहिलं. गाडीला की मला, ते कळलं नाही. आमचे चेअरमन, म्हणजे तळमजल्यावरचा तो कुरकुऱ्या माणूस, त्यांनी तर वायपरखाली नोटीसच लावली: रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत अलार्म बंद झाला नाही, तर गाडी आवाराबाहेर. बाहेर म्हणजे चौकापलीकडे, कारण आमच्या रस्त्यावर गाडी लावायला बंदी आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बोलणार काय? आवाज माझ्याच गाडीचा होता.

नानांना बोलावलं. ते एकदा नाही, पाच वेळा आले. पहिल्यांदा म्हणाले, दरवाज्याचं बटण खराब, आणि चारही बटणं बदलली. दुसऱ्यांदा म्हणाले, हादरा ओळखणारा सेन्सर फार तिखट आहे, आणि तो मंद केला. तिसऱ्यांदा बॅटरीवर खापर फोडलं, चौथ्यांदा रिमोटच्या सेलवर, पाचव्यांदा माझ्यावर. "तू दार आपटतेस. लहानपणापासून आपटतेस." प्रत्येक वेळी बॉनेट उघडायचे, आत बघायचे आणि लगेच मिटायचे. मी म्हटलं, "नाना, तुमचे जोड एकदा उघडून बघा की." तर असे काही अंगावर आले! "माझा जोड? माझ्या जोडात दोष काढतेस? बावन्न वर्षांत—" मी कानांवर हात ठेवले.

मग मला डावऱ्याची आठवण झाली. डावऱ्या म्हणजे नानांचा जुना शिष्य, डावखुरा म्हणून डावऱ्या. बारा वर्षं नानांच्या हाताखाली होता. मग स्वतःचं दुकान काढलं, तेही नानांच्या समोरच, रस्त्याच्या पलीकडे, काचेचं दार आणि आत पंखा. झालं. त्याला आता पंधरा वर्षं झाली, पण नाना अजून त्याच्या दुकानाकडे पाठ करून स्टूल मांडतात. शनिवारी मी त्यांना फोनवर म्हटलं, "उद्यापर्यंत काही झालं नाही तर डावऱ्याला दाखवते." नाना म्हणाले, "माझ्या वायरीला त्याचा हात लागला, तर मी मेलो समज. तुझ्या घराची पायरी चढणार नाही." आणि फोन आपटला. दार मी आपटते म्हणे!

नानांची धमकी पोकळ नसते, हे मला माहीत होतं. सख्ख्या भावाशी ते एकोणीस वर्षं बोलले नाहीत, तेही एका शिडीवरून. म्हणून मी गाडी न नेता, चोरासारखी मागच्या गल्लीतून डावऱ्याच्या दुकानात गेले. चाळिशीतला माणूस, डोक्याला टक्कल, हात काळे. मी लक्षणं सांगायला लागले. त्यानं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"बॉनेटच्या स्विचची वायर," तो म्हणाला. "जोडावरची पट्टी उन्हानं सरकते, उघडी तार बॉडीला टेकते. अलार्मला वाटतं, कुणीतरी बॉनेट उघडलं."

"गाडी न बघता तुला कसं कळलं?"

तो पाना पुसत बसला. मी हटून उभी राहिले.

"ताई, नानांच्या गाड्या येतात माझ्याकडे," शेवटी तो म्हणाला. "दीड वर्षात अकरा आल्या. सगळ्यांना हाच रोग. गिऱ्हाईक परत त्यांच्याकडे गेलं की ते अंगावर येतात, म्हणून इकडे येतं. मी गाठ सोडून पुन्हा बांधतो. त्यांच्यासारखीच. मेणाचा दोरा, नऊ वेढे. माझ्या स्वतःच्या गाड्यांना मी क्लिपा लावतो, पण त्यांच्या जोडात क्लिप दिसली तर..."

"पण नानांचे हात तर अजून कापत नाहीत!"

"हातांचं काही नाही हो. दातांचं आहे. कवळीत दोरा धरवत नाही. गाठ ढिली राहते."

कवळी मी बसवून दिली होती. दीड वर्षापूर्वी हिरड्या सुजून नाना तीन दिवस जेवले नव्हते, तेव्हा मीच त्यांना ओढत दाताच्या डॉक्टरकडे नेलं होतं. ते 'नको, नको' म्हणत होते, आणि मी त्यांना भित्रा म्हणाले होते. सगळे दात काढले, छान पांढरी कवळी आली. मला काय ठाऊक, ते दात म्हणजे त्यांचं हत्यार होतं? आणि त्यांनीही सांगितलं नाही. उपाशी राहिले, शिव्या दिल्या, पण हे एवढं एक वाक्य बोलले नाहीत.

"त्यांना सांगू नका," डावऱ्या मला दारापर्यंत सोडायला येत म्हणाला. "बावन्न वर्षांची इज्जत आहे माणसाची."

मी शपथ घेतली. मनापासून घेतली, खोटं नाही.

रविवारी साडेचारला नाना आपली पिशवी घेऊन आले. आवारात चेअरमन हजर, हातात घड्याळ धरून. वरच्या गॅलऱ्यांतून डोकी बाहेर आलेली. नाना बॉनेट उघडून परत त्या सेन्सरशीच खाटखूट करायला लागले. मी शेजारी उभी राहून हळूच म्हटलं, "नाना, बॉनेटच्या स्विचची वायर बघा ना जरा."

"तू मला शिकव आता! नर्सबाई मला वायरिंग शिकवणार!"

तेवढ्यात अलार्म किंचाळला. चेअरमननी दोन्ही कान झाकले आणि ओरडून म्हणाले, "अहो आजोबा, जमत नसेल तर सोडा! कुणीतरी नीट कारागीर बोलवा!"

नाना वळले. "कुणाला? त्या समोरच्या डावऱ्याला? त्याला गाठ मारता येत नाही अजून! बारा वर्षं शिकवलं, दगडाला शिकवलं असतं तर—"

आणि माझं डोकं फिरलं. तीन आठवड्यांचा आवाज, तीन आठवड्यांचं तोंड चुकवणं, ती साबणाची अक्षरं, सगळं एकदम तोंडात आलं.

"त्याच दगडानं तुमच्या अकरा गाड्या निस्तरल्यात!" मी किंचाळले. "तुमच्या गाठी ढिल्या होतात, नाना! कवळीमुळे! तो सोडतो आणि परत बांधतो, तुम्हाला कळू नये म्हणून नऊ वेढे घालून बांधतो! आणि तुम्ही त्याच्याकडे पाठ करून बसा!"

बोलून गेले, आणि जीभ चावली. अलार्म बंद झालेला होता. त्यामुळे शेवटचं सगळं गॅलऱ्यांना नीट ऐकू गेलं.

नानांनी पेचकस बॅटरीवर ठेवला. रागावतील, निघून जातील, पिशवी फेकतील, असं मला वाटत होतं. ते तिथंच उभे होते.

"अकरा?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला सातच माहीत होत्या."

मला आधी अर्थच लागला नाही. मग ते म्हणाले, "गाड्या हॉर्नला येतात, दिव्याला येतात. बॉनेट उघडलं की दिसतं. मी मारलेल्या गाठीचं टोक डावीकडे निघतं. त्याचं उजवीकडे."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" माझा आवाज पुन्हा चढला. "माझ्या गाडीत काय झालंय ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं? मग तीन आठवडे ही बटणं, हे सेल, हे दार आपटणं, काय चाललं होतं? इथं लोक माझ्या तोंडावर थुंकायचे बाकी राहिलेत!"

"गाठ उघडली असती तर परत बांधावी लागली असती," नाना म्हणाले.

चेअरमन घड्याळाकडे बघायचे थांबले.

नानांनी बॉनेटच्या कडेची ती वायर बाहेर ओढली. पट्टी बोटानंच निघाली, सालासारखी. आत दोरा सैल लोंबत होता आणि लालसर तार उघडी दिसत होती. त्यांनी जुना दोरा कापला, तार पुसली, पुन्हा पिळली, पिशवीतून मेणाचा दोरा काढला आणि वेढे घालायला लागले. हात जराही हलत नव्हते. नऊ झाले, गाठ घातली, आणि एक टोक माझ्यासमोर धरलं.

"ओढ."

"मी?"

"तुझे आहेत ना अजून? माझे तर तूच काढवलेस."

मी बॉनेटखाली वाकले. दोऱ्याला मेणाची आणि तेलाची चव होती. ओढला. "हे ओढणं म्हणतात?" नाना डाफरले. "पेशंटची पट्टी नाही ही, दुखणार नाही तिला." पुन्हा ओढला, तर तुटला. "तोडलास! कशाला वाढवली हिला मी!" नव्यानं नऊ वेढे. तिसऱ्यांदा दोरा दातांत ताणला गेला, कसला गेला, आणि एका जागी आपोआप थांबावंसं वाटलं. मी थांबले. नानांनी अंगठ्यानं गाठ दाबून बघितली आणि पट्टी गुंडाळली.

बॉनेट तीनदा आपटलं. चेअरमननी स्वतः गाडीला धक्के दिले, एकदा तर लाथच घातली. पाच वाजले, सव्वापाच वाजले. आवाज नाही. "बघू उद्या दुपारी," असं पुटपुटत ते घरात गेले, आणि गॅलऱ्यांतली डोकीही आत गेली, करमणूक संपल्यासारखी.

नाना पायरीवर बसून बोटांची पेरं मोजत होते. मला वाटलं, वेढे मोजतायत.

"कवळी बसल्यापासून तेवीस गाड्या केल्या," ते म्हणाले. "अकरा त्यानं बांधल्या. ही बारावी. अकरा अजून रस्त्यावर फिरतायत, माझ्या ढिल्या गाठी घेऊन. त्या सगळ्या परत बोलवायच्या." बावन्न वर्षांत एकही गाडी परत न आलेला माणूस हे म्हणत होता, आणि माझ्याकडे बघत नव्हता. "तुला रविवारी सुट्टी असते ना?"

"असते," मी म्हटलं. "डावऱ्याला बोलावू का?"

नानांनी पिशवीचा बंद ओढला, एकदा, दोनदा.

"त्याची टोकं लांब राहतात," ते म्हणाले. "बोलाव. एकदा दाखवायला हवं त्याला."