अठरा डिग्री कमी

आमच्या फिजिओथेरपीवाल्यांकडे किस्से न मागता साठतात, कारण माणसाचा हात आपल्या हातात असला की तो बोलतोच! तुम्ही कोपर वाकवता, तो सासूबद्दल सांगतो. तुम्ही गुडघा सरळ करता, तो शेजाऱ्याला शिव्या घालतो. सत्तरच्या दशकात मी भिवंडीत नोकरी केली. तिथलं सांगायला लागले की घरची मंडळी एकेक करून उठून जातात. तुम्ही नवे आहात, तुम्ही बसा.

एका लहानशा धर्मादाय दवाखान्याची मागची खोली, तेच आमचं डिपार्टमेंट. माणसं दोन. एक मी, आणि दुसऱ्या टेमघरच्या सखूमावशी, कागदोपत्री आया, प्रत्यक्षात माझी साहेब! शिवाय माझ्याकडे एक गोनिओमीटर. दोन पट्ट्या आणि मध्ये कोनमापक, बस्स. सांध्यावर ठेवायचा आणि सांधा किती डिग्री हलतो ते वाचायचं. अख्ख्या भिवंडीत तो माझ्याकडेच आहे, असा माझा तोरा होता. लोक मला ‘मापवाली बाई’ म्हणायचे.

पहिल्याच आठवड्यात एक लूम-फिटर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा, आला. बोट आखडलेलं. मी ऐटीत गोनिओमीटर काढला, तर पट्टी हलेचना! मी जोर लावतेय, तो शांतपणे बघतोय. शेवटी त्याने खिशातली तेलाची कुपी काढली, स्क्रूवर एक थेंब सोडला, पट्टी मागेपुढे केली आणि अदबीने मला परत दिला.

“घ्या बाई. आता हा मोकळा झाला. आता माझं बोट बघा!”

* * *

त्याच महिन्यात हारूनभाई आले. उत्तर प्रदेशातल्या मऊ गावाकडचे विणकर, चार लूम एकटे चालवणारे. जिन्यावरून पडून उजवं कोपर मोडलं होतं. आधी गावठी इलाज, दीड महिना फळ्या बांधून ठेवलेल्या. आमच्याकडे आले तेव्हा कोपर सरळ व्हायला सत्तर डिग्री कमी!

कारखान्याच्या शेठनी त्यांचे लूम दुसऱ्याला दिले होते आणि निरोप धाडला होता, “ईदपर्यंत हात सरळ करून ये. नाहीतर गावाला जा.”

हारूनभाई मला म्हणाले, “बाई, गाव में चार बच्चे हैं. ये हाथ लेके जाऊँ तो क्या मुँह दिखाऊँ?”

मी म्हटलं, “रोज यायचं. एकही दिवस चुकवायचा नाही.” एकही दिवस चुकला नाही.

* * *

डिग्री मोजता येते हो, दुखणं कसं मोजणार? कॉलेजात शिकवलं होतं, पेशंटला विचारा. गणेशपुरीकडून एसटीने एक शेतकरी आजोबा यायचे, त्यांना विचारलं.

“दुखतंय का?”

“न्हाय.”

गुडघा आणखी वाकवला. डोळ्यांत पाणी.

“आता?”

“न्हाय.”

“अहो आजोबा, तुम्ही रडताय!”

“बाई, तुम्ही एवढ्या शिकून आलाव. तुमच्यासमोर दुखतंय कसं म्हनू?”

सखूमावशी मागून म्हणाल्या, “बाई, त्यांच्या तोंडाला कशाला विचारता? पायाच्या अंगठ्याकडं बघा ना!” अंगठा पार वर वळला होता. तेव्हापासून मी आधी अंगठा बघते आणि मग विचारते.

* * *

विणकरांनी मात्र स्वतःचं माप आणलं. सुरुवात हारूनभाईंनी केली. मी कोपर ताणलं की ते सांगायचे, “तीन लूम.” म्हणजे एवढं दुखत असताना तीन लूम चालवता येतील. चार लूम म्हणजे मजेत. एक लूम म्हणजे जीव कासावीस. आणि “लूम बंद!” म्हटलं की हात सोडायचा. आठवड्याभरात खोलीतले सगळे विणकर लूममध्येच बोलायला लागले.

मीही केसपेपरवर तसंच लिहायला लागले. शनिवारी मुंबईहून मोठे डॉक्टर येत, त्यांनी चष्मा पुसून वाचलं, “पेन, टू लूम्स? हे काय आहे?” समजावून सांगितलं तर असे खूश झाले की दिसेल त्याला विचारत सुटले. दापोड्याची एक बाई गुडघा धरून बसली होती. तिलाही, “बोला, किती लूम?”

ती घाबरून म्हणाली, “लूम न्हाय वो साहेब, दोन म्हशी हायत!”

* * *

शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, त्या दिवशी आमच्याकडे जत्रा. विणकरांत शर्यत लागायची, खांदा कुणाचा जास्त वर जातो! एक जण दर आठवड्याला जिंकायचा. मी नीट बघितलं, तर हा कंबरेतून तिरका होऊन हात वर नेत होता. खांदा जागचा हलतच नव्हता! सखूमावशींनी त्याला भिंतीला पाठ लावून उभं केलं, आणि हात आला निम्म्यावर.

तो चिडला. “मावशी, हात वर गेला ना? मग कुठनं गेला ते कशाला बघता?”

* * *

आता हारूनभाई. सत्तरचे पन्नास झाले, पन्नासचे तीस. अठरावर गाडी अडली. पंधरा दिवस मी झटले, तरी अठराच. ईद उद्यावर आली. त्या दिवशी मला रडू आलं, आणि पेशंटसमोर आलं.

शेठला पत्र हवं होतं, ‘हात पूर्ण सरळ आहे’ असं. खोटं माप मी आयुष्यात लिहिलेलं नाही, आणि हारूनभाईंनी ते मागितलंही नाही. मी लिहिलं, ‘अठरा डिग्री कमी. काम करू शकतील.’ पत्र परत आलं.

मग माझं डोकं सटकलं. ईद झाल्यावर हारूनभाईंना घेऊन मी थेट कारखान्यात गेले. लूमचा तो खडखडाट, कानाशी ओरडल्याशिवाय बोलता येईना. मी ओरडले, “शेठ, हा माणूस काम करू शकतो!”

शेठ म्हणाले, “बाई, मैं खुद बीस साल लूम चला के सेठ बना हूँ. मुझे मत सिखाओ. हाथ लूम के उस पार जाना चाहिए. एकदम सीधा. ऐसा!”

आणि बाही सारून त्यांनी स्वतःचा उजवा हात लूमवरून पलीकडे ताणून दाखवला.

माझी नजर सवयीने कोपरावर गेली.

“शेठ, हात तसाच ठेवा.”

पर्समधून गोनिओमीटर काढला, लावला, वाचला. खात्री करायला पुन्हा लावला.

“बावीस.”

“क्या बाईस?”

“बावीस डिग्री कमी. हारूनभाईंचे अठरा.”

शेठनी डाव्या हाताने उजवं कोपर दाबलं. दोनदा दाबलं. ते जिथे होतं तिथेच राहिलं. मुकादम घाईघाईने छताकडे बघायला लागला. शेठ आपल्या हाताकडे बघत राहिले, मग त्या पट्ट्यांकडे, मग माझ्याकडे. 

त्यांनी बाही खाली केली आणि हारूनभाईंवर केवढ्यांदा ओरडले!

“अबे, खड़ा क्या है? तीन नंबर लूम का धागा टूटा है, जोड़!”