ओलिंदाच्या खोलीतली सहा झाडं

सेर्रोची टेकडी चढणाऱ्या बसमध्ये नेलिदा बर्रेतोने उभं आयुष्य तिकिटं फाडली. त्यामुळे माणूस असो, कोंबडी असो की गांजाचं झाड असो, सगळ्यांशी ती एकाच आवाजात बोलते: "सरका पुढे, मागून लोक येतायत!"

आमची ओळख भांडणातून झाली. गांजाचा कायदा व्हायच्या आधी आम्ही ढोल बडवत मोर्चे काढायचो, तेव्हा ही बाई बसच्या खिडकीतून डोकं काढून ओरडायची, "ए गंजेडींनो, रस्ता सोडा! माझ्या बसमध्ये कामाला जाणारी माणसं आहेत!" मी उलट काय ओरडले ते इथे छापण्यासारखं नाही. पुढे कायदा झाला. नाव नोंदवून घरात सहा झाडं लावायची मुभा मिळाली, तीही कुणी ताटात वाढून दिली नाही, पण तो विषय काढला की माझं डोकं तापतं. तर एके दिवशी झाडं लावायला शिकवायच्या आमच्या वस्तीतल्या बैठकीला हीच बाई आली आणि पहिल्या बाकावर बसली. मांडीवर पर्स, पायात रविवारचे बूट.

"तू तीच ना?" मी विचारलं.

"तीच. आणि तूही तीच, फाटक्या घशाची. आता भांडत बसायचं, की शिकवणार आहेस?"

शिकायचं होतं ते थोरल्या बहिणीसाठी. ओलिंदाची जवानी मांसाच्या कारखान्यात, बर्फासारख्या खोलीत उभं राहून गेली. ती थंडी हाडात जाऊन बसली ती निघालीच नाही. मग पडली, खुबा मोडला, आणि पलंग हेच तिचं घर झालं. कुणीतरी जिभेखाली गांजाच्या तेलाचे थेंब दिले. "दुखणं जात नाही गं सुल्मा," ओलिंदा मला म्हणायची, "पण जरा लांब खुर्ची घेऊन बसतं." एवढ्यासाठी नेलिदाने गंजेडी व्हायचं ठरवलं.

गेल्या हिवाळ्यात तिने रोपं ओलिंदाच्याच खोलीत लावली. घरात न ओलावणारी भिंत तेवढी एकच. चोरांना उजेड दिसू नये म्हणून खिडकीवर फळी ठोकली, वर दिवे टांगले, कोपऱ्यात छोटा पंखा लावला. पंखा हवाच, नाहीतर देठ लाडावतात, लुळे राहतात. दिवे पहाटेपासून रात्रीपर्यंत जळायचे आणि खोली उबदार राहायची. आमच्या टेकडीवर हिवाळ्यात अंथरूणसुद्धा दमट असतं. त्या वर्षी ओलिंदा पहिल्यांदा पायमोज्यांशिवाय झोपली. झाडं सगळी मादी होती, तेल त्यांच्याच फुलांचं. तिने त्यांना कारखान्यातल्या मैत्रिणींची नावं दिली. सगळ्यांत बुटकी ती चोला, कारण खरी चोलाही कामावर नेहमी सर्वांच्या मागून यायची.

"सकाळी डोळा उघडला की सगळ्या हजर," ओलिंदा सांगायची. "भोंगा वाजायचा तेवढा राहतो."

नोव्हेंबर आला, म्हणजे आमच्याकडे उन्हाळा तोंडावर, तसं मी नेलिदाला म्हटलं, आता यांना बाहेर काढायचं. आधी काढलं असतं तर दिवस लहान, झाडाला वाटतं शरद आला, आणि ते अवेळी फुलायला लागतं. आता दिवस लांबले होते. पण उचलून थेट उन्हातही ठेवायचं नाही. दिव्याखाली वाढलेल्या पानाने खरं ऊन पाहिलेलं नसतं, ते कागदासारखं पांढरं पडतं. शिवाय आमच्याकडे खाडीचा वारा, तो काही कोपऱ्यातला पंखा नव्हे. म्हणून आधी खिडकीचा उजेड, मग अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली सावली, मग सकाळचं कोवळं ऊन, आणि संध्याकाळी रोज परत आत. त्या दिवसांत कुंडी बदलायची नाही. एका वेळी एकच दुःख.

नेलिदाने फळी काढली. खोलीत दिवस शिरला. ओलिंदाने हात डोळ्यांवर धरला.

"दिवे पण नेणार?" तिने विचारलं.

"दिव्यांचं आता काय काम?" मी म्हटलं.

"न्या," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. दुपारी सूप तसंच राहिलं.

चार दिवसांनी मी गेले तर मांडवाखाली एकच कुंडी. पाच आत, आणि त्यांच्यावर दिवे चालूच! मी तडकले. "ताई, हे काय? सहाही जणींना एकदमच सवय लावायची. तू काय त्यांची मिरवणूक काढतेस?"

नेलिदाने येर्बाचा, आमच्या कडू पाल्याच्या चहाचा, पेला माझ्या हातात कोंबला, तोंड बंद करायला. "सुल्मा, शेवटच्या स्टॉपला बस एकदम रिकामी होते, तेव्हा एखादा म्हातारा तसाच बसून राहतो. त्याला कुठे जायचंच नसतं, गर्दीत बसायला आलेला असतो. तू पाहिलायस? मी रोज पाहिलाय. त्याला 'उतरा' म्हणायचं काम माझं होतं."

मी पेला संपवून तिला परत दिला.

तर तशी ती एकेक करून नेत राहिली. दोन मांडवाखाली रुळल्या, मग तिसरी बाहेर गेली. आणि मग घोळ झाला. कपडे वाळत घालताना दोरी मोकळी हवी म्हणून नेलिदाने दोन कुंड्या भर दुपारी भिंतीपाशी सरकवल्या आणि बोलत बोलत बाजाराला गेली. आली तेव्हा पानं पन्हाळीसारखी मुडपली होती, वरची फिकी पडली होती. तिने त्या धावत आत आणल्या, पाणी दिलं, पण लपवणार कुठे? पलंगासमोरूनच जायचं.

"भाजलीस ना दोघींना," ओलिंदा म्हणाली. आवाज चढवला नाही. "आता एकही बाहेर जायची नाही. बाकीच्याही आण."

"ओलिंदाताई, दोन पानं गेली, झाड नाही गेलं," मी मध्ये पडले. "आत ठेवलीस तर ही वाढणार नाहीत. पुढच्या हिवाळ्याला तेल कुठून आणायचं? दुखणार तुलाच ना?"

"माझं दुखणं आहे. मी बघेन."

मला राग आला. रस्त्यावर पोलिसाशी भांडता येतं, पलंगावरच्या बाईशी कसं भांडायचं? नेलिदाकडे पाहिलं, तर ती अंगणाकडे वळलीही होती. सहाही कुंड्या आत आणल्या. फक्त दिवे लावले नाहीत, म्हणाली, बल्ब गेलेत. ते गेले नव्हते. खिडकी मात्र उघडीच ठेवली.

चोला सगळ्यांत पलीकडे, पलंगाच्या उशाशी होती. दोन-चार दिवसांत तिचा शेंडा खिडकीकडे वळला. ओलिंदाने नेलिदाला कुंडी फिरवायला लावली. चोला पुन्हा वळली. पुन्हा फिरवली, पुन्हा वळली. देठाला नागमोडी पडली.

मी तिथेच होते त्या सकाळी. ओलिंदा बराच वेळ त्या देठाकडे बघत होती.

"बघ कशी पाठ करून बसलीय," ती म्हणाली. "इतकं खाऊ-पिऊ घातलं."

"पाठ नाही केली," नेलिदा म्हणाली. "उजेड तिकडे आहे."

"कळतं मला. मी काय आंधळी आहे?" आणि मग, चादरीची कड बोटांनी ओढत, "ने तिला, नेलिदा. सगळ्यांना ने. पण हळू. आणि भिंतीपाशी नाही!"

"नाही."

"आणि मला त्या बाजूला तोंड करून दे. मी इथे छत बघत पडणार नाही."

पलंग त्यांच्या आईचा, लोखंडी. मी पायाकडून, नेलिदा उशाकडून. फरशीवर असा आवाज झाला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. अर्ध्यावर माझी कंबर धरली, तर ओलिंदा वरून म्हणते, "मोर्चात तर फार जोर होता म्हणे तुझ्यात!" आम्ही हसायला लागलो आणि पलंग तिरपाच अडकला, मग पुन्हा ढकलला. शेवटी तिचं डोकं उंच उशीवर, समोर खिडकी, खिडकीत मांडव आणि त्याच्याखाली सहाही कुंड्या.

ती पडून बघत राहिली. गालावर उजेड पडला तेव्हा डोळे मिटले, पण मान वळवली नाही.

आठवड्याभरात पानांचा रंग गडद झाला. भाजलेल्या दोघींना नवे कोंब फुटले, आणि सकाळच्या उन्हात सगळ्या एका रांगेत उभ्या राहायला लागल्या. परवा अंगणात आम्ही येर्बा पीत बसलो होतो, तर खिडकीतून आवाज.

"नेलिदा! त्या चोलाला वारा लागतोय. आत घे जरा, मांडवाच्या खांबाकडे."

"सगळा हिवाळा मुकी होती," नेलिदा पुटपुटली, "आता हिला तोंड फुटलंय."

"ऐकू येतंय मला!"

वारा नव्हता. एक पान हलत नव्हतं. मी तसं सांगायला तोंड उघडलं, तोवर नेलिदाने गुडघ्यावर हात ठेवून उठत कुंडी उचललीसुद्धा.