ह्यांच्या तक्रारी

डॉक्टरांनी ह्यांच्या हृदयाचं चित्र स्क्रीनवर दाखवलं. नसेत कॅल्शियम जमलंय, म्हणाले. इतकं कडक, की नुसत्या फुग्याने नस उघडणार नाही. आधी आतून बारीक ड्रिलने घासावं लागेल, मग स्टेंट. "आंटीजी, नस फट भी सकती है. कम होता है, पर बताना पड़ेगा."

मी तडकले. पेशंटसमोर असं बोलतात का? हेच म्हणाले, "बोलू दे त्यांना. नस माझी आहे."

त्या दिवशी स्नेहलतागंजातल्या दवाखान्यातून निघालो, तर हे ऑटोवाल्याशी राजवाड्याच्या ट्रॅफिकवर चर्चा करतायत. "भिया, उधर से मत लो!" माझा जीव टांगणीला आणि ह्यांचं तोंड बंद म्हणून नाही. इतका राग आला मला!

ठरल्या दिवशी ह्यांना आत नेलं. पूर्ण भूल देणार नव्हते, फक्त नळी घालायला हात बधिर करणार होते. मी बाहेर बाकावर बसून राहिले. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. नस फाटली होती. रक्त हृदयाभोवती साचायला लागलं, बीपी एकदम खाली गेलं. सुई घालून ते रक्त काढलं, आतून आवरण असलेला स्टेंट बसवून गळती थांबवली. सगळं सामान हाताशी तयार होतं म्हणून निभावलं.

"अब ठीक हैं. होश बना रहे, इसलिए मैंने कहा, अंकल, बोलते रहो. सारा वक्त आपकी शिकायतें करते रहे."

शिकायतें! संध्याकाळी मला आयसीयूत सोडलं, तेव्हा मी आधी रडले आणि मग भांडले.

"मी शेव लपवते, भाजीत मीठ घालत नाही, हे काय परक्या माणसांना सांगायचं असतं? तेही तशा वेळी?"

"दुसरं काही सुचेना. तेवढंच पाठ होतं." हे थांबले, धाप लागली होती. "नंतर तेही आठवेना. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. डॉक्टर म्हणतायत, और बोलो, और बोलो. मग नुसतं अगं, अगं करत राहिलो."

किती वेळ, कोण जाणे. मी तर भिंतीपलीकडेच होते, आणि मला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं.

सिस्टर मला बाहेर व्हायची खूण करत होती. मी ह्यांचा हात धरला आणि तिच्यादेखत मोठ्याने ओ दिली.