रोजची गोळी

पोरगा माझं ऐकत नाही, हे मी कोणापाशी बोललो नाही. बोलायचं तरी कोणापाशी? पोराच्या नोकरीच्या गावी, व्हाइटफील्डच्या या इमारतीत शेजारचं दार रोज दिसतं, माणूस दिसत नाही.

मुलाला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. आमच्या गडचिरोलीकडे हा आजार जुना. माझा धाकटा भाऊ त्यातच गेला. तेव्हा आजाराचं नाव ठाऊक नव्हतं. सांधे दुखले की म्हातारे लोखंड तापवून डाग द्यायचे. भावाच्या अंगावर डाग राहिले, दुखणंही राहिलं.

आता औषध आहे. रोज गोळी घ्यायची, मधूनमधून रक्त तपासायचं. आजार जात नाही, पण दुखण्याचे झटके कमी येतात, असं इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला समजेल असं सांगितलं. मुलाला समजलं नाही.

"बाबा, ते कॅन्सरचं औषध आहे. मी वाचलंय."

"मंग त्या डाक्टरीणबाईनं काय न वाचताच देलं का?"

"तुम्ही चौथी शिकलेले. तुम्हाला नाही कळणार हे."

चौथी नाही, तिसरी. मी दुरुस्त केलं नाही. सकाळी चहाच्या कपाशेजारी गोळी काढून ठेवायचो. चहा संपायचा, गोळी तिथेच. सून म्हणायची, "बाबा, त्यांना टेन्शन देऊ नका." मी टेन्शन देतो. आजार देत नाही.

त्याच्या तपासणीला मी मागे लागून जायचो आणि बाहेर बाकावर बसायचो. तिथे एकदा चामराजनगरच्या डोंगरातली एक बाई भेटली. तिच्या मुलीला हाच आजार. मुलगी बरी दिसते म्हणून बाईनं गोळ्या बंद केल्या होत्या, आणि नर्स तिला कन्नडमधून रागवत होती. मला राहवलं नाही. मोडक्या हिंदीत मी नर्सला म्हणालो, तिला माझं सांग.

माझी जवानी तेंदूपत्त्याच्या फळीवर गेली. फळी म्हणजे पानं वाळवायचं मोकळं मैदान. पानांचे पुडके उन्हात मांडायचे आणि उलटवत राहायचे. पान वरून चांगलं दिसतं म्हणून कंटाळा केला की आतून बुरशी धरते. मग किती उलटवा, पान बिडीच्या कामाचं राहत नाही.

नर्सनं कन्नडमध्ये सांगितलं. बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "सरी, अण्णा," म्हणजे बरं, दादा. पुढच्या खेपेला मुलीच्या गोळ्या चालू होत्या. तेव्हापासून डॉक्टरीणबाई दारातून हाक मारायच्या, "अण्णा, यांना जरा सांगा." मी सांगायचो. लोक ऐकायचे. त्या बाकावर माझ्या शब्दाला किंमत होती.

घरी हीच गोष्ट मुलालाही सांगून झाली होती. कानात हेडफोनची बोंडं घालून, लॅपटॉपवरून नजर न काढता तो "हूं" म्हणाला होता.

मग ऑफिसातच त्याला झटका आला. दोन माणसांनी धरून गाडीत घातलं. त्याच दवाखान्याच्या वॉर्डात तो उशी दातांत धरून पडला होता. मला भाऊ दिसला. मी बाहेर गेलो.

दुखणं उतरल्यावर मी खाली चहा आणायला गेलो. परत आलो तर पोरगा उशीला टेकून बसलेला.

"बाबा, आत्ता एक बाई येऊन गेली. चामराजनगरची. तिच्या मुलीला पण हेच आहे."

"मंग?"

"मला कन्नड येतं म्हटल्यावर बोलत बसली. म्हणाली, आवळा वाळत घातला की रोज उलटवावा लागतो. चांगला दिसतो म्हणून सोडला तर आतून बुरशी येते. औषधाचं तसंच आहे म्हणाली. तिच्या मुलीला आता क्वचितच त्रास होतो." त्यानं उशी सरळ केली. "किती सोपं सांगितलं तिनं. असं कोणी सांगितलं तर कळतं ना."

आवळा नव्हता तो, तेंदू होता. ओठावर आलं होतं. मी चहा पुढे केला.

"डॉक्टरांशी बोललो," तो म्हणाला. "चालू करतो."

"कर," मी म्हणालो.

आता रोज सकाळी तो स्वतःच्या हातानं गोळी घेतो. मी पेपर वाचत असल्यासारखा बसतो. वर्षभर बापानं सांगितलेलं वाया, परक्या बाईनं उभ्या उभ्या सांगितलेलं खरं. घेतो आहे ना, मग बस, असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो.

परवा दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दारातून हाक मारली, "अण्णा, यांना जरा सांगा." मी मुलाकडे बोट केलं. "याला पाठ आहे," म्हणालो.

तो उठला आणि आवळ्याची गोष्ट सांगू लागला.