हाताने गुंडाळलेली मोटर

विकणाऱ्याने गाडी आधी फरशीवर पळवून दाखवली, तेव्हाच मी ओळखलं की चढावर ही अंग टाकणार. दगडांवर चढणारी रिमोटची गाडी पळण्यासाठी नसतेच. हातभर लांबीची, मऊ चाकांची ही गाडी मुंगीच्या चालीने दगडाला बिलगून वर गेली पाहिजे. फरशीवर काय, कोंबडंही पळतं.

हा माणूस जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये राहतो. नोकरदार, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. रविवारी आम्ही हौशी लोक एका बंद खाणीवर गाड्या घेऊन जमतो, तिथे त्याचा शब्द चालतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या गाडीची मोटर तिथे धूर सोडून बसली. तेव्हा सगळ्यांदेखत हा म्हणाला होता, "काका, ही लूमची मोटर नाही. नाजूक काम आहे, तुम्ही यात पडू नका." सगळे हसले. मी हसलो नाही आणि विसरलोही नाही.

मंद्रूपहून सोलापुरात आलो तेव्हा माझ्याकडे अंगावरचे कपडे होते. भवानी पेठेत यंत्रमागांच्या जळक्या मोटरी उकलून त्यात नवी तार भरायला शिकलो. आज त्याच पेठेत माझं स्वतःचं दुकान आहे. आणि मला हा नाजूक काम शिकवणार!

त्याने गाडी विकायला काढल्याचं कळलं आणि मी ठरवलं, घ्यायची तर हीच. दुसऱ्या दोन जुन्या गाड्या स्वस्तात मिळत होत्या. पण याच्या गाडीचा सांगाडा धड होता, गिअर लोखंडी होते, आणि मला गाडीबरोबर त्याचं ते वाक्यही त्याच्याकडून परत घ्यायचं होतं.

बायकोला बरोबर नेलं. सौद्यात तिचं काम ठरलेलं आहे. मी चष्मा पुसायला घेतला की तिने उठायचं. आमच्या घरातला फ्रिज, कपाट, स्कूटर, सगळं तिच्या या उठण्याने स्वस्त झालेलं आहे.

"चौदा हजार," तो म्हणाला. "जेमतेम चार वेळा चालवलीय काका."

मी एकेक चाक बोटांनी हलवून पाहिलं, आस वाकला नाही ना ते बघितलं, मग गाडी उलटी करून मोटर नाकाला लावली. तारेवरच्या जळक्या व्हार्निशचा वास मला झोपेतही कळतो.

"साहेब, चार वेळा चालवून मोटर भाजते होय?"

तो गडबडला. मी चष्मा पुसायला घेतला.

"चला की, उशीर व्हायलाय," बायको उठली. "माणसं खोटं बोलायली तर बसून काय करायचं?"

हे दुसरं वाक्य तिचं स्वतःचं होतं. गाडी अकरा हजारांवर आली.

मंद्रूपच्या बाजारात मेंढरं विकणारे माझे वडील सांगायचे, भाव ठरला की पहिल्यांदा विसार हातावर ठेवायचा, मग जनावराचं कौतुक करायचं. आयुष्यभर मी हे पाळलं. त्या दिवशीही हात खिशात गेला होता. तेवढ्यात तो म्हणाला, "ही मोटर काढून ब्रशलेस टाका काका. पण सेटिंग तुम्हाला नाही जमणार, मी माणूस देतो."

माझं डोकं सणकलं. खिशातून पैशांऐवजी मोटर बाहेर आली.

ही मोटर मी स्वतः गुंडाळली होती. कमी वेढ्यांची मोटर पळते, जास्त वेढ्यांची ओढते. माग असो की खेळणं, तारेचा धर्म तोच. केसासारखी बारीक तार घेऊन आतले तिन्ही पोल मी हाताने भरले. त्यात तीन दुपारी गेल्या.

खाली पार्किंगमध्ये मी त्याची मोटर सोडवली, माझी बसवली. दोन गिअरांच्या दातांमध्ये कागदाची पट्टी धरून स्क्रू आवळले आणि पट्टी ओढून काढली, म्हणजे दात एकमेकांना घासत नाहीत. कंपाउंडच्या कडेला बांधकामाच्या काळ्या दगडांचा ढीग होता. गाडी त्याला लावली.

ती चढली. एक चाक हवेत, बाकीची तीन दगडाला चिकटलेली, मध्येच थांबवली तर जागची हलली नाही. पुन्हा निघाली, आवाज न करता. वर पोचली तेव्हा वॉचमनसुद्धा खुर्ची सोडून आला होता.

त्याने गाडी उचलून उलटी केली, मोटर निरखली. मग म्हणाला, "काका, आता तेरा."

"मोटर माझी आणि भाव तुझा वाढला?" मी ओरडलो. साहेब आणि तुम्ही दोन्ही सुटलं.

"गाडी किती चांगली आहे ते तुम्हीच दाखवलंत. विसार कुठे दिलाय?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "दोन हजार सोडतो. फक्त किती वेढे घातलेत आणि कुठली तार, तेवढं सांगा."

दोन वर्षं मी याच्यासाठी थांबलो होतो. तो मला विचारत होता, तेही वॉचमनसमोर.

"नाजूक काम आहे," मी म्हणालो. "यात पडू नका."

तो बायकोकडे वळला. "काकू, तुम्ही तरी सांगा."

"मला कुटलं कळतंय बाबा त्यातलं," ती म्हणाली. त्या तीन दुपारी माझ्याशेजारी बसून प्रत्येक वेढा तिने मोठ्याने मोजला होता.

मी तेरा हजार मोजून दिले. ठरलेल्या भावाहून जास्त पैसे मी आयुष्यात पहिल्यांदा दिले आणि ताठ मानेने स्कूटरला किक मारली.

सिग्नलला थांबलो तेव्हा मागून आवाज आला, "दोन हजार गेलं की हो."

"मग सांगायचं होतंस तू."

गाडी मांडीवर घट्ट धरून ती म्हणाली, "वेढे मी मोजल्यात. त्याला का म्हणून सांगू?"