देवाची कृपा, मध्यरेषेच्या वीतभर अलीकडे

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही: घाटकोपरच्या त्या अंतिम सामन्यात माझा दम तुटला होता. तोंडातलं 'कबड्डी कबड्डी' थांबलं, तेव्हा माझा हात मध्यरेषेपासून वीतभर लांब होता. नियमाने मी बाद. प्रत्यक्षात मी विजयी, आणि वर देवाचे आभार मानून मोकळा.

हल्ली टीव्हीवर कुणी जिंकला की आकाशाकडे बोट दाखवतो. बायको म्हणते, "किती नम्र आहे बघा." मी चहा पितो.

ऐंशीचं दशक तेव्हा अर्ध्यावर आलं होतं. चांगली कबड्डी खेळणाऱ्याला कंपनीत नोकरी लागायची. त्या दिवशी अशाच एका कंपनीचे साहेब खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या संघात जागा एक, आणि नजर दोघांवर. एक मी, चढाई करणारा. दुसरा समोरच्या संघात डाव्या कोपऱ्यावर खेळायचा, घोटा धरण्यात पटाईत. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. त्याच्या वडिलांची गिरणी संपात गेली ती गेलीच. माझे वडील कचेरीत, पगार एक तारखेला. नोकरीची गरज कुणाला जास्त होती ते देवाला ठाऊक असणारच. पण देवाचीही त्या दिवशी जरा अडचण होती.

कारण आम्ही राहायचो त्या टेकडीवरचेच दोन्ही संघ, सगळे मूळ कोकणातले, मारुती एक, आणि गाऱ्हाणं घालणारे आजोबाही एकच. सकाळी त्यांनी आमचा नारळ ठेवला. "बा देवा म्हाराजा, ही पोरां आज मैदानात उतरतत, तेंका यश दी रे म्हाराजा!" आम्ही ओरडलो, "व्हय म्हाराजा!" थोड्या वेळाने त्याच मारुतीपुढे, त्याच आवाजात समोरच्या संघाचं गाऱ्हाणं. कुणीतरी विचारलं, "आजोबा, दोघांका कसा काय यश देतलो?"

"ता तो बघीत. माझा काम सांगूचा."

त्याने बघितलं ते असं. शेवटची चढाई, आम्ही दोन गुणांनी मागे. बाकावरच्या त्या मित्राने माझा घोटा धरला, मग कमरेला मिठी मारली. आणखी दोघे पाठीवर पडले. तिघांना ओढत मी रेषेकडे सरपटत होतो, आणि नेमकी तेव्हाच शेजारच्या चाळीत सत्यनारायणाची आरती सुरू झाली. कर्ण्याचं तोंड मैदानाकडे. माझा श्वास संपला. मी नुसते ओठ हलवत राहिलो आणि हात रेषेला लावला. शिट्टी वाजली. तीन गुण, सामना आमचा.

"पंच, दम तुटला याचा!" तो ओरडला. त्याचा कान माझ्या बरगड्यांना लागलेला होता, त्याला कळणारच.

पंच म्हणाले, "मला ओठ हलताना दिसले."

"ओठ काय, माशाचेपण हलतात ओ!"

लोक हसले. मग तो माझ्याकडे वळला. "तू सांग ना रे. दम होता? तू हो म्हण, मी गप बसतो."

मी हात जोडले, देवळाकडे बघितलं आणि म्हणालो, "सगळी त्याची कृपा."

टाळ्या पडल्या. आभार मारुतीचे मानले. काम सत्यनारायणाने केलं होतं.

खेळाडू देवाचे आभार का मानतात, ते मला विचारा. माणसाचे मानले तर माणूस उलट काहीतरी विचारतो. देव विचारत नाही. आणि एकदा त्याचं नाव निघालं की मैदानाचं देऊळ होतं, मग पंचांचीही तोंड उघडायची हिंमत होत नाही. साहेब तर म्हणाले, "मुलगा संस्कारी आहे."

नोकरी मला लागली. तो साकीनाक्याच्या एका कारखान्यात लेथवर लागला. तेवढ्यावर भागलं असतं, पण टेकडीने त्याला रडका ठरवलं. पानाच्या गादीवर थांबला तरी पोरं विचारायची, "काय रे, दम तुटला काय?" त्याच्या लग्नाच्या वरातीतसुद्धा कुणीतरी ओरडलं. मी वरातीत होतो. मीही हसलो.

त्या मारुतीला मी अजून शनिवारी तेल घालतो. त्याचं आणि माझं ठीक चाललंय; त्याने काही विचारलेलं नाही.

तो अजून त्याच टेकडीवर राहतो. मी त्याला एक वाक्य देणं लागतो: तू खरं बोलला होतास. आणि ते त्याच्या घरात हळूच सांगून चालणार नाही. मैदानात, लोक जमलेले असताना सांगायचं आहे.